फोन लागतो ना?

आमच्या गावात फोन येत नसे, फोनसाठी आपल्याला जावं लागे. गावाच्या उत्तरेला, सातपुड्याकडे चढणाऱ्या वाटेवर एक बर्डी आहे. बर्डी म्हणजे मुरमाड, उघडं टेकाड; तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. पण तिथं उभं राहून वरवट बकालकडे तोंड केलं की मोबाइलच्या चार कांड्या भरायच्या, आणि दहा पावलं इकडेतिकडे झालं की गेल्या. साऱ्या गावाचं बाहेरच्या जगाशी बोलणं त्या दहा पावलांत चालायचं. सुरतेला गेलेल्या नवऱ्याशी भांडणारी बाई आणि सौदीतल्या लेकाची तब्येत विचारणारे मिस्त्रीचाचा एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. तिथं कानावर पडलेलं खाली गावात सांगायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती.

मी या गावची आशा वर्कर. गरोदर बायकांच्या नोंदी, लेकरांच्या लसी, कोणाला रुग्णवाहिका लागली तर ती बोलावणं, ही माझी कामं. रुग्णवाहिका बोलवायची म्हणजे पदर खोचून बर्डीवर पळायचं. पळत दहा मिनिटं, चालत पंधरा. नोंदी रोजच्या रोज मोबाइलमधून पाठवा असा सरकारचा आदेश होता. त्या मी दिवसभर वहीत लिहायची आणि संध्याकाळी बर्डीवर दगडावर बसून पाठवायची. ग्रामपंचायतीत इंटरनेटचा डबा बसवला होता. त्याची तार जमिनीखालून आणली होती. मग नळाच्या पाइपासाठी खोदकाम झालं, तार तुटली, डबा कपाटात गेला, आणि गाव जोडलं गेल्याचा फलक तेवढा भिंतीवर राहिला.

यावरून सगळ्यात जास्त तोंड कोण वाजवायचं, तर मी. तालुक्याच्या बैठकीत साहेबांना उभं राहून विचारायची, ‘‘बाई अडली तर मी काय तुमच्या फलकावरून फोन लावू?’’ माझं तोंड तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगायला मला जास्तच जड जातं.

आमच्याकडे लग्न जमवण्याआधी मुलीकडचे चौकशीला येतात. ते कधीच सरळ सांगून येत नाहीत. कोणी म्हणतं संत्र्याचा बगीचा बघायला आलो, कोणी म्हणतं म्हैस घ्यायची आहे. गावात शिरून इकडंतिकडं विचारतात, पोरगा कसा आहे, पितो का, माय-बापाशी कसा वागतो. आणि आमच्या गावानं एक गोष्ट कसोशीनं पाळली, ती म्हणजे कोणाची सोयरीक आपल्या तोंडानं मोडायची नाही. भांडणं असोत, बांधाचा वाद असो, अनोळखी माणूस चौकशीला आलेला दिसला की सगळे चांगलंच सांगणार.

अलीकडे त्या चौकशीत एक नवा प्रश्न आला होता. रेंज आहे का? नसली तर आल्या पावली परत. आमच्या गावातली किती पोरं या एका प्रश्नावर बसून राहिली. मग गावानं उपाय काढला. पाहुणे आले की त्यांना घरी न आणता फाट्यावरूनच, ‘‘आधी वावर पाहून घ्या, मग चहा,’’ म्हणत बर्डीच्या वाटेनं न्यायचं. तिथं पोचलं की सहज म्हणायचं, ‘‘पोचल्याचं घरी सांगून द्या ना.’’ पाहुणा फोन काढायचा, फोन झकास लागायचा. पुढं घरी आल्यावर कोणी फोनकडे बघितलंच तर लाईट गेली म्हणून टॉवर बंद असेल, असं बोलायचं आणि पोह्यांची बशी पुढं करायची. यात आपण कोणाला फसवतो आहोत असं आम्हाला कधी वाटलं नाही. पोरांची लग्नं व्हायला हवी होती.

माझा पोरगा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. मेहनती, निर्व्यसनी. कांद्याचं बी आणि भाजीपाला असं तो आणि त्याचे वडील मिळून करायचे. चार ठिकाणांहून नकार आलेला. तो बोलायचा नाही, पण जेवताना खाली मान घालून जेवायला लागला होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

अशात एका सोयरीक जमवणाऱ्यानं निरोप दिला, की या आठवड्यात चिखलीकडचे लोक चौकशीला येतील. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पांढरी जीप फाट्यावर थांबली. दोन माणसं उतरली. इस्त्रीचे कपडे, एकाच्या हातात फाइल, दुसऱ्याची नजर सारखी मोबाइलवर. मी लसीकरणाचं आटोपून तिथंच उभी होते. विचारलं, ‘‘कुठून येणं झालं?’’

‘‘सर्व्हे आहे,’’ फाइलवाला म्हणाला.

मी मनात हसले. म्हटलं, म्हशीऐवजी सर्व्हे, काही तरी नवीन. त्यांनी पाण्याचं विचारलं, मी पाणी मागवलं. त्यांनी गावात घरं किती, माणसं किती विचारलं. आशा वर्कर मी, आकडे तोंडावर. घडाघडा सांगितले. मुलीकडचे लोक भारीच बारकाईचे आहेत असं वाटलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला.

‘‘इथं सिग्नल आहे का हो?’’

‘‘हाव ना. फुल रेंज हाये. चला दाखवतो तुम्हाले. वाटेत वावरही पाहून घ्या.’’

वावर कशाला बघायचं, असा चेहरा त्यांनी केला होता. आता आठवतं. तेव्हा मी पुढं पुढं चालत होते आणि पोराचे गुण सांगत होते. बर्डीवर नेमकं दगडाजवळ त्यांना उभं केलं. मोबाइलवाल्यानं काहीतरी दाबलं, आकडे फिरताना पाहिले, म्हणाला, ‘‘चांगला आहे की.’’ दुसऱ्यानं फाइलीत लिहिलं, जागेचा फोटो काढला. मला म्हणाले, तुम्ही पण उभ्या राहा. मी पदर नीट केला आणि उभी राहिले.

चिखलीचे लोक दोन दिवसांनी खरोखरच आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीचे ते नव्हते. मग कोण होते, हे विचारायची मला भीती वाटली, म्हणून मी कोणालाच विचारलं नाही. चिखलीकडूनही नकारच आला.

काही महिन्यांनी ग्रामसेवकानं पंचायतीत यादी वाचून दाखवली. जिथं अजिबात सिग्नल पोचत नाही अशा गावांना सरकार स्वतःच्या खर्चानं टॉवर देणार होतं. आमच्या अलीकडचं गाव यादीत होतं, पलीकडची वस्ती होती. आमच्या नावापुढं शेरा होता, ‘सिग्नल उपलब्ध’. लोक खवळले. सरकारच्या नावानं शिव्यांची लाखोली वाहिली. सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही काऊन गप्प? तुम्हीच बोला आता.’’

मी म्हणाले, ‘‘काय बोलाव. त्याइले कोनं सांगतलं असंन कोन जाने.’’

एवढं बोलून मी घरी आले आणि त्या दिवशी माझ्या हातून भाकरी करपल्या.

पुढच्या वर्षी दुसरबीडचं स्थळ आलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, जालन्याकडचं. आमच्या गावाची कुणकुण तिकडं पोचलेली नव्हती. मुलगी एकुलती एक, बी.ए. झालेली. वडिलांचं हमरस्त्याला भाजीचं आणि चहाचं दुकान. ते चौकशीला आले, तेव्हा माझ्या मालकांनी त्यांना रीतीप्रमाणे बर्डीवर नेलं. त्यांनी तिथून घरी फोन केला, ‘‘पोचलो बरं का, गाव चांगलं आहे,’’ असं सांगितलं. मी घरी पोहे परतत होते.

साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या आईनं मला बाजूला घेतलं. ठेंगणी, सावळी बाई. हात सतत कामात असल्यामुळं खरखरीत. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘बाकी काही मागत नाही मी. आमचं दोघींचं रोज बोलल्याबिगर होत नाही. लांब देतेय म्हणून जीव खालीवर होतो. फोन लागतो ना तुमच्याकडं?’’

तिनं दुसरं काहीच विचारलं नव्हतं. सासूचा स्वभाव कसा, कामाचा बोजा किती, काही नाही. आणि मी म्हणाले, ‘‘लागते ना इनबाई. घरबसल्या लागते.’’

घरबसल्या हा शब्द माझ्याकडून कोणी मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

सून घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, ती मोबाइल हातात घेऊन आधी स्वयंपाकघरात फिरली, मग अंगणात, मग पायरीवर चढून हात उंच करून उभी राहिली. आम्ही तिघंही आपापल्या कामात आहोत असं दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा मी तिला बर्डीवर घेऊन गेले. तिनं तो दगड बघितला, तिथवर येणारी वाट बघितली, फोन लावण्याआधी मला विचारलं, ‘‘बाबांना इथंच आणलं होतं का, आत्याबाई?’’

‘‘वावर पाहाले आणलं होतं,’’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आईला फोन लावला. बर्डीचं काही सांगितलं नाही. ‘‘हो आई, घरातूनच बोलते. दिवसा कामात असते, तू नको लावू, संध्याकाळी मीच लावत जाईन,’’ असं म्हणाली. माझी थाप तिनं आपल्या तोंडानं पुढं चालवली. मी तिथून निघून आले. मला बरं वाटायला हवं होतं, पण लाज वाटली.

मग तिचा तो नेमच झाला. संध्याकाळी साडेपाचला कपभर चहा घेऊन निघायची. उन्हाळ्यात डोक्यावर ओला रुमाल, पावसाळ्यात चिखलात चपला हातात. तासाभरात परत येऊन चूल बघायची. तक्रार म्हणून नाही. माझ्या वह्या ती सुवाच्य अक्षरात लिहून द्यायला लागली होती, मला औषधांची इंग्रजी नावं वाचून दाखवायची. माझ्या पोरानं मान वर करून जेवायला सुरुवात केली. घरात हसणं आलं होतं. टॉवरचं मी विसरूनही गेले होते, किंवा विसरल्यासारखं करत होते.

हरभरा फुलावर होता तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी गावात लसीकरण होतं, साहेब तपासणीला येणार होते, आणि माझ्या मोठ्या रजिस्टरात दोन महिन्यांच्या नोंदी उतरवायच्या राहिलेल्या. साडेपाचला ती चहाचा कप घेऊन उठली, तर मीच म्हणाले, ‘‘आज राहू दे व माय. उद्या बोल आईसंग. एवढं रजिस्टर पुरं करू.’’ ती कप ठेवून बसली. आम्ही दोघींनी मिळून सगळं लिहून काढलं. तिचं अक्षर शेवटच्या पानापर्यंत तसंच स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लसींचा डबा उघडत होते, तर वरवट बकालहून एक ओळखीचा खतवाला मोटारसायकलवर आला. दुसरबीडच्या लोकांनी कुठून कुठून त्याचा नंबर मिळवला होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. सुनेची आई काल दुपारी गेली. छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी जालन्याच्या रस्त्याला गाडी काढली, वाटेतच संपलं. रात्रभर सगळ्यांचे फोन लावून थकले. दुपारपर्यंत वाट बघतो म्हणाले आहेत.

मी तिला आई सिरियस आहे एवढंच सांगितलं. पोरानं जीप ठरवली, आम्ही तिघं निघालो. वरवट बकालच्या अलीकडं रस्त्याला थोडा चढ आहे. जीप तो चढ चढली आणि सुनेच्या मांडीवरचा मोबाइल वाजायला लागला. फोन नव्हता, मेसेज होते. एकामागून एक. तुम्हाला या नंबरवरून फोन आला होता, असं कंपनी कळवते ते मेसेज. ती वाचायला लागली आणि मी तिच्या खांद्यावरून बघितलं. नाव एकच, आई. काल दुपारी एक वाजून दहा मिनिटं. एक बारा. एक पंधरा. असे सात. सातव्यानंतर वडिलांचे, काकाचे, मामाचे, पुष्कळ. पण आईचे सातच.

ती रडली नाही. मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘आई गेली ना, आत्याबाई?’’

दुसरबीडला पोचायला चार वाजले. उन्हं कलली होती. लोकांनी दोन वाजेपर्यंत वाट बघितली होती, मग नाइलाजानं उरकलं होतं. अंगणात पाणी टाकलेलं होतं, चूल विझलेली होती. तिचे वडील दुकानाच्या बाकड्यावर बसलेले. तिला जवळ घेऊन ते एकच वाक्य बोलले, ‘‘लई लावला बाई, लागला नाही.’’ माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि बघितलं असतं तरी त्यात राग नसता. त्यांना वाटत होतं, नेमका त्याच दिवशी टॉवर बंद पडला असेल. एरवी आमच्या घरात फोन लागतो, असं त्यांना कोणी सांगितलं होतं? मीच. साखरपुड्याला. घरबसल्या लागतो म्हणून.

तेराव्यानंतर ती परत आली. आली, यातच मला तिचं मोठेपण दिसलं. रोज साडेपाच वाजायचे आणि ती चुलीपुढून उठायची नाही. एके दिवशी दुपारी ती मेथी निवडत होती, घरात आम्ही दोघीच. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. जीप, सर्व्हे, पाहुणे समजून मी त्यांना कसं नेलं, पदर सारखा करून फोटोत कशी उभी राहिले, यादीतून गाव माझ्यामुळं कसं गळलं, आणि तिच्या आईनं हात धरून विचारलं तेव्हा मी काय बोलले. ‘‘मी नसतं नेलं तं तवाच टॉवर झाला असता,’’ मी म्हणाले, ‘‘मले माफ कर पोरी.’’

ती मेथी निवडत राहिली. मग बोलली, ती माझ्याशी बोलल्यासारखी नाही. ‘‘तिला वाचता येत नव्हतं. फोनवरची बाई हिंदीत काय सांगते, तेबी कळायचं नाही. सात वेळा लावला. तिला वाटलं असंल, मी उचलत नाही.’’

एवढं बोलून ती उठली. मेथीच्या काड्या बाहेर टाकून आली, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसली. आमच्या गावात सिग्नल नाही, पूर्वीचा सर्व्हे चुकीच्या जागेवर झाला, फेरतपासणी व्हावी. एक पान. खाली जागा सोडली, गावाच्या सह्यांसाठी.

ग्रामसभेत तो कागद गेला आणि वेगळंच भांडण उभं राहिलं. टॉवर सगळ्यांना हवा होता. पण रेंज नाही असं कागदावर लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. एक जण उठून म्हणाला, ‘‘आजवर झाकून नेलं, आता सह्या करून जगाले सांगाव? गावात सोळा पोरं हायेत लग्नाची. त्याइच्या सोयरिकीचं काय?’’ त्याचा स्वतःचा पोरगा त्या सोळांत होता. मला त्याचा राग आला नाही. वर्षापूर्वी मीही तेच बोलले असते.

मी उभी राहिले. म्हणाले, ‘‘सर्व्हेवाल्याइले बर्डीवर मी नेलं होतं. माह्या पोराची चौकशी समजून. फाइलीत फोटो माह्याच हाये.’’

आधी कोणाला समजलंच नाही. मग समजलं. जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. बायकाही बोलल्या. ‘‘आशा असून?’’ हे तर किती जणांनी म्हटलं. ज्यांची बाळंतपणं मी बर्डीवर पळून निभावली होती त्यांनीही म्हटलं, आणि त्यांचा तो हक्क होता. शेवटी मिस्त्रीचाचा उठले. ‘‘इस औरत को बाद में बोलो,’’ म्हणाले, ‘‘पयले त्या पोरीचं ऐका.’’

सून मागं उभी होती. आमच्याकडं सुना ग्रामसभेत बोलत नाहीत. ती पुढं आली, मोबाइल काढला आणि वाचायला लागली. नाव, वेळ. नाव, वेळ. सात वेळा. मग म्हणाली, ‘‘हे मला दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मिळालं. ज्यांना मुली आणायच्यात त्यांनी आणा. पण त्या मुलींनाबी आया आहेत.’’ आणि खाली बसली. पहिली सही सोळांतल्याच एका पोरानं केली.

सुनेला घेऊन मी बुलडाण्याच्या कचेरीत गेले, तिथं कारकुनानं अर्ज चाळला. म्हणाला, ‘‘अर्ज ठीक आहे, पुरावा?’’ तिनं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्या सात मेसेजांचा कागद काढून आणला आणि अर्जाला टाचणी लावून जोडला. कारकुनानं तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारला.

फेरतपासणीला दुसरे साहेब आले. सिग्नल कुठं येतो असं त्यांनी विचारलं. गावातलं कोणी बर्डीकडं वळलं नाही. सून त्यांना आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आली, चुलीपाशी उभं केलं, आणि म्हणाली, ‘‘इथून लावून बघा.’’

मंजुरी आली. मग पाया खोदला, मग लोखंड आलं, मग कित्येक महिने ते लोखंड तसंच पडून राहिलं. मी दोन वेळा तालुक्याला, एक वेळा बुलडाण्याला गेले. आधी जायची तशी तोंड वाजवत नाही. कागद हातात धरून, रांगेत उभी राहून. या साऱ्या काळात ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. आत्याबाई, दूध उतू चाललंय. आत्याबाई, तुमची गोळी घ्या. आवाजात कडवटपणा नाही, मायाही नाही. माझ्या वह्या मात्र पूर्वीसारख्याच लिहून द्यायची. पोरगा मधे पडू बघायचा, तर मी त्याला गप्प करायची. तिचं माझ्याशी काय बाकी आहे ते तिचं तिनं ठरवायचं होतं.

टॉवर सुरू झाला ती सकाळ पोळ्यानंतरची. सरपंचांनी नारळ फोडला, ग्रामसेवकानं दोन शब्द सांगितले. अकराच्या सुमाराला एकाएकी गावभर मोबाइल वाजायला लागले. लोक आपल्याच घरातून शेजारच्या घरात फोन लावून ‘‘कोन बोलून राह्यलं?’’ विचारत होते. सौदीतल्या लेकाशी मिस्त्रीचाचा पहिल्यांदाच खाटेवर पडून बोलले. मी घरी आले, पाणी प्यायले.

सून स्वयंपाकघरात होती. मोबाइल कानाला. पलीकडं घंटी वाजत होती, ती मला दारातून ऐकू येत होती. आईचा नंबर आता तिच्या वडिलांकडं आहे. त्यांनी उचलला. ‘‘हां बाई,’’ म्हणाले. मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता. ती म्हणाली, ‘‘बाबा, घरातून बोलतेय. खरंच घरातून. आत्याबाईंना तुमच्याशी बोलायचंय.’’

आणि तिनं फोन माझ्यापुढं धरला. ‘‘मला सांगितलं ते बाबांना सांगा,’’ म्हणाली. दीड वर्षात पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

मी फोन घेतला. कांड्या पूर्ण भरलेल्या होत्या. आवाज तुटायची सोय नव्हती, लाईट गेली म्हणायची सोय नव्हती. मी चुलीपाशी खाली बसले आणि सांगायला लागले. जीपपासून. कुठं थांबले नाही, कुठं सारवासारव केली नाही. बर्डीचं सांगितलं, यादीचं सांगितलं, त्या दिवशी साडेपाचला मी तिला रजिस्टरसाठी थांबवलं तेही सांगितलं. ते तिलाही मी तोंडानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. साखरपुड्याच्या दिवसाशी आले, तेही बोलले. ‘‘त्याइनं माह्या हात धरून इचारलं होतं, फोन लागते का. मी लागते म्हनलं. घरबसल्या म्हनलं.’’

मी फोन कानाला धरून बसले. रस्त्यावरून एक जड गाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

मग म्हणाले, ‘‘इनबाई, हे तिच्या आईला सांगायला पाहिजे होतं.’’